मामीचं निदान

माणूस दारात आला की त्याला काय झालंय ते आमच्या मामीला कळायचं, असं तिचं स्वतःचं मत होतं. फोनवर चार व्हिडिओ पाहून ती पाणीगेटच्या घरात दवाखाना थाटून बसली होती. फक्त पाटी लावायची राहिली होती.

एका नवरात्रीत गरब्याच्या भोंग्यांपुढे तिची नात ईरा आणि माझी सानिका, दोघी नऊ वर्षांच्या, कान दाबून बसल्या. मामीने तिथेच निकाल दिला. "सांभळ, ऐक गं, तुझ्या सानिकेला ऑटिझम आहे, दाखवून आण. आमची ईरा नुसती हळवी आहे." का, तर सरदारांच्या घराण्यात असलं काही नसतं. हे सरदार म्हणजे मामांचे आजोबा, माझे पणजोबा, पागेतल्या घोड्यांना चंदी घालायचे.

मी सानिकेला दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही हळवी आहे, ऑटिझम वगैरे काही नाही. आवाजाने थकते, तशी दुसऱ्याच्या दुःखानेही थकते. ईराचं निराळं होतं. करजणच्या सगळ्या बसच्या वेळा तिला तोंडपाठ, पण थट्टा, सूचक बोलणं, चेहरा यांतलं काही पोचायचं नाही. जेवताना खुर्ची बदलली तरी दिवस बिघडायचा. तज्ज्ञांना दाखवा, अशी शाळेची चिठ्ठी आली. मामीने ती रद्दीखाली सारली. वाघोडियाच्या कारखान्यात माणसांवर ओरडणारा तिचा मुलगा, ईराचा बाप, आईपुढे गप्प. तीन वर्षं ईरा शाळेत आडमुठी म्हणून बोलणी खात राहिली. मी बोलले की मामी मला चहा द्यायची, जणू मलाच उपचार हवे होते. मला तिची चीड यायची.

मग मामा गेले. तेराव्यानंतर मी सानिकेला घेऊन भेटायला गेले, तेव्हा चार वाजता मामीने सवयीने स्वतःचा आणि मामांचा, असे दोन कप भरले. ती रडली नव्हती, पण तिच्याकडे पाहून सानिका रडत गॅलरीत गेली. ईराने सरळ विचारलं, "आजी, आजोबा नाहीत. मग दोन कप का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामी म्हणाली, "एकटीला चहा जात नाही गं."

"मग मी आजोबांच्या खुर्चीत बसते," ईरा म्हणाली आणि आपली खुर्ची सोडून तिथे बसली. त्यानंतर रोज, ठरल्या मिनिटाला.

महिन्याने मामीने शाळेची ती चिठ्ठी रद्दीखालून काढून मुलाच्या हातात दिली. मला म्हणाली, "सानिकेला न सांगता कळतं, ईराला सांगितलं की कळतं. मला सांगूनही कळलं नाही."

गेल्या वर्षी मामीही गेली. ती तीन वर्षं मी तिला माफ केलेली नाहीत. पण चार वाजले की तिची आठवण येतेच. आता दोन कप ईरा भरते. का, ते तिला कुणी विचारत नाही.