कुंकू लागलेला दाणा

देव-बिव, चमत्कार-बिमत्कार... माझ्यासमोर कोणी विषय काढला की मी सरळ उठून जाते. नेदरलँड्समध्ये आल्मेरेत राहते, बियाण्यांच्या लॅबमध्ये काम करते. दाणा का रुजतो आणि का रुजत नाही, यावरच माझं पोट चालतं. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

फेब्रुवारीत लॅबमधली युमिको म्हणाली, "रविवारी आमची प्रार्थना आहे, यंदा पीक चांगलं यावं म्हणून. येतेस?" अॅमस्टरडॅमजवळ एका हॉलमध्ये त्यांचे जपानी शिंतो धर्माचे पुजारी येणार होते. फोनवर आईला सहज बोलून गेले. झालं!

"रिकाम्या हातानं जाऊ नको गं. अक्षता ने. आपल्या खाचरासाठी माग."

भोरजवळचं आमचं भाताचं खाचर. बाबांनी ते दादाच्या आणि माझ्या नावावर केलेलं. ते विकायच्या कागदांवर मी जानेवारीतच सही करून पाठवली होती. आई पुण्यात दादाकडे असते, तिला पत्ताच नव्हता. "लावणीच्या आधी सांगू," दादा म्हणाला. मीही बरं म्हटलं... नालायक कुठली!

तर अक्षता नेल्या. इंडियन दुकानातला बासमती, त्याला कुंकू. पुजाऱ्यांनी काही न विचारता त्या देवापुढच्या मुळा-मिठाशेजारी मांडल्या. मी डोकं खाली घातलं, पण मागायला तोंडच उघडेना. शेवटी प्रसादासारखं सगळं परत वाटतात, त्यात माझी पुडी मला मिळाली. घरी येऊन ती खिडकीतल्या नुसती माती असलेल्या कुंडीत ओतली.

दहा दिवसांनी कोंब! एक उपटून पाहिला – मुळाशी कुंकू लागलेला तोच दाणा. अहो, पॉलिश केलेल्या तांदळाला अंकुरच नसतो, तो गिरणीतच जातो. त्याच पाकिटातले शंभर दाणे लॅबमध्ये ओल्या कागदावर ठेवले. सगळे कुजले.

व्हिडिओ कॉलवर आईला नेमकी कुंडी दिसली, अक्षता रुजल्याचं सांगावंच लागलं. काय आनंद झाला तिला!

"ऐकलं बघ देवानं! रोपं जप. लावणीला ये, आपण दोघी लावू."

मागे दादा उभा होता, मान खाली घालून. खाचरात मुरूम पडल्याचा फोटो त्यानेच मला आदल्या दिवशी पाठवलेला. मला राहवेना.

"आई, खाचर विकलंय आम्ही."

तिनं मागे वळून दादाकडे पाहिलं, मग पुन्हा कुंडीकडे.

"मग तिथं जाऊन तू मागितलंस तरी काय?"

रोपं आता वीतभर झालीत. ती कशी रुजली, मला आजही सांगता येत नाही. आईलाही उत्तर द्यायचं राहिलंय... ती माझा फोन उचलत नाही.