दोन मापांत कमी पडलेलं

लोणावळ्याच्या आमच्या शाळेतले रसायनाचे मास्तर स्टेशनाबाहेर चहा घेतानाही आधी वाकून डोळे पेल्याच्या काठाशी आणत. "माप वाकून वाचावं," म्हणत आणि लहान मुलासारखे हसत. मी तिथेच इतिहास शिकवायचो.

एकदा पालकांसमोर त्यांनी काचेच्या नळीत एक माप पाणी आणि एक माप स्पिरिट ओतलं. मिश्रण दोन मापं भरेना. मी मागून ओरडलो, "राहिलेलं मास्तरांच्या पोटात गेलं!"

सगळे हसले. शाळा-कमिटीवरचे आंदर मावळातले आबा मात्र उठले. "मास्तर, पीत असाल तर उद्यापासनं हितं येऊ नगा."

मास्तरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी वाण्याकडून शेरभर हरभरे आणि शेरभर तांदूळ मागवले, टोपलीत कालवले आणि आबांनाच शेराच्या मापानं पुन्हा मोजायला लावले. दोन शेर भरेनात. तांदूळ हरभऱ्यांच्या फटींत शिरले होते.

"पाण्याचे आणि स्पिरिटचे कणही असेच एकमेकांत बसतात. का आबा, तांदूळही मीच प्यायलो?"

आबा पोट धरून हसले. "न्हाई मास्तर, शाळा तुमचीच!"

पुढे हा किस्सा मी माझ्या आरोळीपर्यंतच सांगत आलो, कारण हशा तिथेच मिळे. परवा एका लग्नात कुणीतरी 'ते दारुडे मास्तर' म्हणालं, आणि मी गप्प राहिलो. म्हणून उरलेला किस्सा आज लिहिला. मास्तर फक्त चहा पीत, तोही वाकून, माप वाचून.