ओल्या धोतराची मागची बाजू

"चित्र बोलतं, आपण गप्प बसायचं." एवढं म्हणायचं, दोनदा खोकायचं, आणि मग छत्रीचं टोक पडद्याकडे करायचं. आमच्या कंदीलमास्तरांचा कुठलाही खेळ असाच सुरू व्हायचा.

ते शाळेतले मास्तर नव्हते. वडगावच्या कचेरीत त्यांची नेमणूक होती, आणि मावळातल्या गावोगावी जादूचा कंदील, म्हणजे काचेवरचं चित्र उजेडानं पडद्यावर पाडणारी पेटी, घेऊन फिरायचं हे त्यांचं काम. सरकारनं काय योजलंय ते लोकांना, त्यातही शाळेतल्या पोरांना, काचेवरच्या चित्रांतून दाखवायचं. विहिरीत चुन्याचं पाणी टाका, देवी काढून घ्या, प्लेगची लस टोचून घ्या. "मोठी माणसं ऐकून विसरतात, पोरं बघून घरी नेतात," असं ते म्हणायचे.

मी लोणावळ्याचा. फायनलच्या परीक्षेला दोनदा बसून दोनदा उठलेला. नकला करणं एवढीच माझी कमाई. स्टेशनमास्तर, मारवाडी, बंगल्यावरच्या मडमेचा कुत्रा, सगळे माझ्या घशात राहायला होते. एकदा बाजारात मी कंदीलमास्तरांचीच नक्कल करत होतो. लोक पोट धरून हसत होते आणि अचानक हसायचे थांबले. मागे वळून बघतो तर मास्तर. मला वाटलं, आता छत्री पाठीत बसणार. ते म्हणाले, "आवाज माझ्यापेक्षा बरा आहे तुझा. माझा घसा गेलाय. येतोस का बरोबर?"

असा मी त्यांचा आवाज झालो. पडद्यावर उंदीर आला की उंदरासारखं बोलायचं, पिसू आली की पिसवेसारखं. पिसू कशी बोलते ते तुम्हाला माहीत नसेल, मलाही नव्हतं. मी आमच्या आत्याचा आवाज काढायचो.

पण खरं सांगतो, त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालायची मला लाज वाटायची. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, चांगला असतो पण चारचौघांत आपल्या ओळखीचा नसावा असं वाटतं. त्यांचा पडदा म्हणजे त्यांचंच एक जुनं धोतर. खेळाआधी ते भिजवायचं, म्हणजे चित्र आरपार स्वच्छ उमटतं. खेळ झाला की ते ओलं धोतर छत्रीवर वाळत घालून मास्तर भर बाजारातून चालायचे, आणि भेटेल त्याला रामराम करायचे. मी पेटी डोक्यावर घेऊन वीस पावलं मागे राहायचो.

काचा सरकारी यायच्या, पण त्यात साहेबाची पोरं आणि मडमा. मास्तर रात्रभर बसून त्यांच्यात, त्यांच्या शब्दांत, "किंचित दुरुस्ती" करायचे. टोपी खरवडून पागोटं काढायचे, मडमेच्या नाकात नथ घालायचे. एका मडमेला त्यांनी नऊवारी नेसवली, पण पायातले बूट पुसायचे राहिले. पोरांनी ते बरोबर हेरलं. मास्तर म्हणाले, "चिखल आहे, म्हणून घातलेत."

गावात खेळ असला की पुढे पुरुष आणि पोरगे बसायचे. सासऱ्या-दिरांसमोर बायका कशा बसणार? त्या धोतराच्या मागे बसायच्या, पोरींना घेऊन. ओल्या कापडातून चित्र तिकडेही दिसायचं. बायकांचे आवाज काढायचे असले की मीही तिकडेच जाऊन उभा राहायचो.

त्या वर्षी भात कापणीच्या तोंडावर औंढ्याच्या बाजूच्या एका गावात उंदीर मरून पडायला लागले, म्हणजे प्लेग आला. डॉक्टर येऊन टोचणार होते. पण कापणीत कोण टोचून घेतो? दंड सुजला की दोन दिवस हात हलत नाही, आणि पिकलेलं आंबेमोहर भात थांबत नाही, झडतं.

त्यावर मास्तरांनी स्वतः एक काच रंगवली. शेतात उभी बाई, उजव्या हातात विळा, आणि डाव्या दंडावर डॉक्टर सुई टोचतोय. काच पडद्यावर आली तेव्हा त्यांनी छत्रीचं टोक आधी सुईवर ठेवलं, मग विळ्यावर. "या दंडाला सुई. या हाताला काम. काम थांबायचं नाही." एवढंच. डावा-उजवा हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. चित्र बोलत होतं ना.

डॉक्टर आले. पुरुष ओट्यावर रांगेनं बसले. बायकांनी चावडीच्या दाराआड उभं राहून नुसता हात बाहेर काढला. घाईत असलेल्या डॉक्टरांनी आला तो हात टोचला.

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो. वरच्या वाडीतली माणसं अजून टोचायची होती, आणि आता तिकडेही उंदीर पडायला लागले होते. त्यांच्यासाठी खेळ करायचा होता. गावात शिरलो तर शेतं अर्धी उभी आणि बायका अंगणात बसलेल्या. एक म्हातारी मावशी पुढे आली. दंड टम्म फुगलेला, उजवा.

"मास्तर, लय झ्याक चित्र दावलं तुमी. इळा धरवंना. भात झडतंय त्ये तुमचं सरकार वेचाय येनार हाय का?"

"मावशी, पण उजव्या दंडावर का टोचून घेतलंत?"

"का म्हंजे? तुमच्या चित्रातल्या बाईनं उजवाच दंड दिलाय. इळा डाव्या हाती. आमी म्हनलं आसंल बया डावरी."

मागून तिचा मुलगा ओरडला, "आये, डावा व्हता त्यो."

"तुज्या डोळ्यांत माती. मी बघिटलंय न्हवं?"

मास्तर तडक शाळेत गेले. तिसरी-चौथीची पोरं भिंतीकडेनं बसली होती, एका बाजूला पोरगे, दुसऱ्या बाजूला पाच-सात पोरी. मास्तरांनी विचारलं, "परवाच्या चित्रात बाईला सुई कुठे टोचली? हात लावून दाखवा."

पोरग्यांनी सगळ्यांनी डावा दंड धरला. पोरींनी सगळ्यांनी उजवा. आणि मग दोन्ही बाजू एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मास्तर मधे उभे होते.

त्यांनी खिडक्यांना घोंगड्या लावायला सांगितल्या. धोतर भिजवलं, बांधलं, काच घातली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते धोतराच्या मागे गेले. मीही गेलो. तिथे बाईच्या डाव्या हातात विळा होता आणि उजव्या दंडात सुई.

"तू तर रोज इकडून बघतोस," ते म्हणाले.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, असंच असतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "बरोबर आहे. माझ्या तर मनातही आलं नाही."

मग जे झालं, त्याची लाज मी अजून कुठे ठेवू ते मला कळत नाही. मास्तर दारोदार गेले. प्रत्येक अंगणात उभं राहायचे, दोनदा खोकायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "चूक माझी. मी मागच्या बाजूनं कधी बघितलं नाही." माझं नाव एकदाही घेतलं नाही. सरकारी माणूस, कोट घातलेला, शेण सारवणाऱ्या बाईपुढे हात जोडतोय. लोक कुंपणावरून बघत होते. एकानं मला विचारलं, "ह्ये तुमचं सायेब का?" मी म्हटलं, "माझं कोण न्हाई. मी पेटीवाला."

वरच्या वाडीतल्या बायका आता टोचून घ्यायला तयार नव्हत्या, आणि त्या मावशीच्या शब्दाबाहेर नव्हत्या. मावशी मास्तरांना म्हणाली, "हात जोडून काय भात कापतंय व्हय? तुमी घ्या उजव्या दंडाला. मंग धरा इळा. म्हंजी कळंल आमाला काय झालं त्ये."

तिनं ते टोमण्यानं म्हटलं होतं. मास्तरांनी ते कामासारखं घेतलं. डॉक्टर शेजारच्या गावात होते, तिथे जाऊन त्यांनी उजव्या दंडावर टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी अंगात ताप, दंड भाकरीएवढा, आणि मास्तर धोतर वर खोचून मावशीच्या भातखाचरात उभे.

ते भात कापत नव्हते, भाताशी भांडत होते. मूठ धरली की विळा यायचा नाही, विळा आला की मूठ सुटायची. जिथे कापलं तिथे गुडघाभर खुंट राहिले. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून. मी बांधावर बसलो होतो, शक्य तितका लांब. एक पोरगी म्हणाली, "दादा, मास्तर करून दावा की." आणि मी उठून करून दाखवले. विळा न धरवणारा हात, ते वाकणं, मधेच दंड दाबून थांबणं. सगळं खाचर हसलं. हसू ओसरल्यावर बघतो तर मास्तर माझ्याकडे बघतायत. घामानं निथळलेले, ओठ पांढरे पडलेले. म्हणाले, "आणखी थोडा वाक. मी एवढा सरळ नाही राहत."

त्याच्यावर मात्र कोणी हसलं नाही.

मावशी उठली, त्यांच्या हातातून विळा काढून घेतला. "सोडा. भात वाया घालवताय." मग वाडीकडे तोंड करून तिनं हाक दिली, "चला ग. डॉक्टरला बलवा. आन् समद्यांनी हा दंड," असं म्हणून तिनं आपल्या डाव्या दंडावर थाप मारली. ती थाप वाडीपर्यंत ऐकू गेली असेल. संध्याकाळपर्यंत सगळी वाडी टोचून झाली. त्या हिवाळ्यात गावातून दोन माणसं प्लेगनं गेली. वाडीतलं कोणी गेलं नाही.

कचेरीला यातलं दुसरंच काहीतरी कळलं. सरकारी नोकरानं सरकारची चूक गावभर कबूल केली, वर तो कामाच्या वेळेत शेतात राबला. मास्तरांची बदली झाली, कुठे ते मला कोणी नीट सांगितलं नाही. कामशेतला ते गाडीत बसले असं ऐकलं. निरोप द्यायला मी गेलो नव्हतो. स्टेशनवर ओळखीचे लोक असतात.

होळीच्या सुमाराला मावशी लोणावळ्याच्या बाजारात आली, टोपलीत जळणाच्या काटक्या घेऊन. मी नेहमीच्या ठिकाणी होतो, भोवती नेहमीचे टवाळ. तिनं मला ओळखलं.

"तुजा मास्तर दिसंना कुटं?"

"बदली झाली, मावशी."

"आसं." जरा थांबून म्हणाली, "करून दाव की त्येला. लय दिस झालं."

टवाळांनी टाळ्या वाजवून जागा करून दिली. मी कोटाची कॉलर वर केली, पाठ वाकवली, दोनदा खोकलो. मग तिच्यापुढे हात जोडले आणि म्हटलं, "चूक माझी. मी मागच्या बाजूनं बघत होतो."

कोणी हसलं नाही. माझे हात काही केल्या सुटेनात. मावशीनं टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"न्हाई जमला," ती म्हणाली. "आवाज न्हाई जमला तुला त्येचा."

"व्हय, मावशी," मी म्हटलं.