गुरुजींची तीनचाकी

नळदुर्गला हायवेवर मी पडलो तेव्हा मोटारसायकल चालत नव्हती, उभी होती. हीच गोष्ट पुढं मला कुणाला नीट सांगता आली नाही. हैदराबादकडून येणाऱ्या ट्रकांची रांग आधी जाऊ द्यावी म्हणून मी कडेला थांबलो आणि सवयीनं डावा पाय खाली सोडला. पाय टेकला असणार, पण मला तो टेकल्याचं कळलं नाही. गाडी डावीकडं कलायला लागली. मी हँडल ओढून धरलं, दोन्ही हातांचा सगळा जोर लावला, तरी ती कलतच गेली. इतक्या सावकाश की मागं बसलेली बायको मधेच म्हणाली, "अहो, काय करायलाव?"

तिचं मनगट मोडलं. मला साधं खरचटलंही नाही.

पस्तीस वर्षं मी पशुधन खात्यात नोकरी केली, बहुतेक सगळी लोहारा तालुक्यात. हुद्दा लहान होता, पण गावोगाव मला डॉक्टरच म्हणायचे. माझे वडील जन्मभर मेंढरांमागं पायी चालले. आमच्या घरात मोटारसायकल पहिल्यांदा मी आणली. गाय अडली, म्हैस फुगली, की निरोप यायचा आणि मी किक मारायचो. रिटायर झाल्यावरही लोक बोलवत राहिले आणि मी जात राहिलो. मग कमरेतली नस दबली. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, पण डाव्या पावलातला जीव गेला. पाऊल वर उचलायचं नाही. चालताना चप्पल मागं राहून जायची आणि दहा पावलं पुढं गेल्यावर मला कळायचं. गिअर टाकायला मी सगळी मांडी उचलून पाय आदळायचो. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलगा पुण्याहून आला. आईच्या हाताचं प्लास्टर बघितलं. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "अण्णा, आता बास. गाडी विकून टाकू."

"मग जायचं कसं?"

"जीप आहे, एसटी आहे. आणि जायचं तरी कुठंय तुम्हाला आता?"

त्याचं काही चुकत नव्हतं. दोन दिवसांनी तोच गिऱ्हाईक घेऊन आला. त्यांनी कागद पुढं केला, बोट ठेवलं, मी सही केली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आवाज येत होता. मी आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं, कारण बायकोचा हात गळ्यात होता आणि त्या दिवसांत भाकरी मीच करत होतो. एक तरी नीट गोल झाली असेल असं मला आठवत नाही.

मग जीपचे दिवस सुरू झाले. आमचं थोडं रान गावाबाहेर आहे, तिथं बायकोचा जीव. लोहाऱ्याच्या चौकात जीप भरेपर्यंत थांबायचं. भरली की पायरी उंच. मी एका हातानं दांडी धरायचो आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्याच पँटला धरून डावा पाय उचलून पायरीवर ठेवायचो. आत बसलेली माणसं तेवढा वेळ बाहेर बघायची. ओळखीचीच माणसं. कुणाच्या बैलाला मी टाके घातलेले, कुणाच्या शेळ्यांना लस दिलेली. त्यांनी हसावं तरी, असं मला वाटायचं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी बायको म्हणाली, "तीन चाकाची घ्या. पडायचं तरी न्हाय."

"तू बसशील मागं?"

"म्या न बसून कुठं जाऊ?"

धाराशिवला एका दुकानात विजेवर चालणाऱ्या तीनचाकी आल्यात असं कळलं होतं. मी एकटाच गेलो. काचेच्या आत लाल रंगाची एक उभी होती. मागं दोन चाकं, पाठीला गादी, पुढं जाळीची टोपली. काउंटरवरची मुलगी उठून आली आणि हसून म्हणाली, "काका, कुणासाठी घ्यायचीय?"

मी म्हणालो, "भावासाठी."

मला भाऊ नाही. का बोललो कुणास ठाऊक. ती म्हणाली, "मग त्यांनाच घेऊन या ना. बसून बघितल्याशिवाय कळत नाही." मी बसून बघायलाच गेलो होतो. पण आता बसता येईना. ती चार्जिंगचं, बॅटरीचं सगळं समजावत राहिली, मी मान हलवत राहिलो. निघताना काचेच्या दाराच्या उंबऱ्याला माझं पाऊल अडकलं आणि मी दाराला धरून उभा राहिलो. तिनं माझ्या पावलाकडं बघितलं. तिला कळलं होतं.

परत जायचं धाडस झालं नाही. आमच्या खात्यातल्या एका जुन्या सोबत्याला मी फोनवर हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "नळदुर्गच्या अलीकडं एक गुरुजी हायेत. लहानपणापासून पोलिओ. त्यांची मोटारसायकल हाय तीन चाकाची, सोलापुरात बनवून घेतलेली. विकायची म्हणत्यात."

आम्ही दोघं जीपनं गेलो. गुरुजी ओट्यावर खुर्चीत बसले होते. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे, पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. गाडी समोर लिंबाखाली उभी होती. मागचं चाक काढून तिथं लोखंडी आस बसवलेला आणि त्याला दोन्हीकडं दोन चाकं. गिअरची दांडी वर, उजव्या हाताशी आणलेली. ब्रेकही हातातच. पायांना काही काम नव्हतं.

"का विकायली गुरुजी?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. बोटं थरथरत होती. "पायाचं मी कधी मनावर घेतलं न्हाय," ते म्हणाले. "आता ह्यांनीबी सोडलं. ब्रेक आवळत न्हाय."

मग ते एकदम मास्तर झाले. "बसा डॉक्टर. पडणार न्हाय ती."

मी बसलो. बटण दाबलं, क्लच धरला, दांडी ओढली. गाडी निघाली. समोर मारुतीचं देऊळ होतं, तिथून उजवीकडं वळायचं होतं. चाळीस वर्षं मी जसा वळलो तसाच वळलो, म्हणजे अंग उजवीकडं झुकवलं. गाडी सरळ देवळाच्या भिंतीकडं निघाली. मी आणखी झुकलो. ती वळेचना. मागून गुरुजींचा आवाज आला, "अंग न्हाय, हँडल! हँडल फिरवा!" मी कसाबसा ब्रेक आवळला. आणि गाडी थांबत असतानाच, पुन्हा तीच सवय, डावा पाय खाली सोडला.

मागून येत असलेली बायको किंचाळली. मी मागं वळून तिच्याकडं बघितलं, तिला काय झालं म्हणून. तिला काही झालं नव्हतं. मागचं डावं चाक माझ्या टाचेवर चढलं होतं. चप्पल फाटून अडकली होती, टाचेचं कातडं सोलून निघालं होतं, आणि मला त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं.

तिनं तिथंच रस्त्यावर बसून पदरानं रक्त पुसलं. मी गाडीवर बसून खाली बघत होतो. पाय दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा दिसत होता.

गुरुजींनी घरातून पाणी आणि हळद मागवली. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाले, "मलाबी पहिल्यांदा असंच झालं. पण तुमचं अवघड हाय. मला दोन चाकाची सवय कधी नव्हतीच. तुमाला विसरावं लागंल." मग म्हणाले, "ही गाडी अपंगाच्या नावानं नोंदलेली हाय. तुमच्या नावावर चढवायची तर तसा दाखला लागंल. दाखला आणा, तवर मी दुसऱ्या कुणाला देत न्हाय."

अपंगाचा दाखला.

धाराशिवच्या दवाखान्यात त्यासाठी ठरावीक दिवशी तपासणी असते. बाकावर माझ्याआधी कितीतरी लोक बसलेले. काहींना हात नव्हता, एक बाई आंधळ्या सासऱ्याला धरून बसलेली. मला तिथं बसायची लाज वाटत होती. ती आपण त्यांच्यातले आहोत याची होती, की आपलं दुखणं त्यांच्यापुढं फार लहान आहे याची, ते आजही सांगता येणार नाही.

आत तरुण डॉक्टर होते. कागद बघून म्हणाले, "इथून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा."

मी जन्मभर जनावरांना असंच चालवून बघितलेलं. मालकाला म्हणायचो, दावं सोड, चालू दे, आणि मागं उभं राहून कुठला खूर टेकत नाही ते बघायचो. आता माझ्यामागं कुणीतरी उभं राहून बघणार होतं. मी निघालो, आणि काय झालं कळलं नाही, पण मी ताठ चाललो. मांडी उचलून, पाऊल नीट ठेवून, एवढ्या महिन्यांत चाललो नव्हतो इतका चांगला चाललो. भिंतीला हात लावून परत आलो.

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहायला लागले. बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं, "अहो, आता तरी नीट लंगडा की."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. त्यांनी मला टेबलावर बसवलं, चप्पल काढायला सांगितली, आणि म्हणाले, "काका, डोळे मिटा. मी कुठं टोचतोय ते सांगा."

मी डोळे मिटले. बराच वेळ वाट बघितली. शेवटी विचारलं, "सुरू केलं का साहेब?"

"झालं," ते म्हणाले.

दाखला मिळाला. जिन्यावरून उतरताना बायको माझ्या खांद्याला धरून होती आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "पेढे घ्यायचे का गुरुजींना?" आणि आम्हाला हसू आलं, तेही नीट आलं नाही.

लायसनचं, नाव चढवायचं काम होईपर्यंत मी चार वेळा गुरुजींच्या गावी जाऊन शिकलो. ते खुर्चीतून ओरडायचे, मी देवळापर्यंत जाऊन यायचो. बायकोनं माझा डावा पाय फूटरेस्टला जुन्या ओढणीनं सैल बांधायची युक्ती काढली. गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी गुरुजींनी ती धुवून घेतली होती. म्हणाले, "एकदा चालू करून देतो." आम्ही दोघांनी धरून त्यांना सीटवर बसवलं. बटण त्यांनी दाबलं. गाडी सुरू झाली. मग त्यांनी क्लचवर बोटं ठेवली, आवळायला गेले, आणि बोटं घसरली. पुन्हा ठेवली. मी शेजारीच उभा होतो. हात पुढं करावा की नाही, मला ठरवता येईना. तिसऱ्यांदा त्यांनी हात मांडीवर घेतले आणि म्हणाले, "जावा आता. ऊन व्हईल."

त्यांना खुर्चीत ठेवून आम्ही निघालो. मी आरशात बघितलं नाही. बायको बघत होती. बऱ्याच अंतरावर गेल्यावर म्हणाली, "अजून इकडंच बघायल्यात."

लोहाऱ्याच्या रस्त्याला समोरून उसाची ट्रॉली आली. दोन चाकांवर असतो तर कडेनं सहज निघून गेलो असतो. पण आता मागची रुंदी माझ्या हिशेबात अजून बसली नव्हती. डावं चाक डांबरावरून खाली गेलं आणि काळ्या मातीत रुतलं. ट्रॉली निघून गेली. बायको उतरून एका हातानं ढकलायला लागली. मी ओढणी सोडून उतरलो, खांदा लावला, तर माझाच पाय घसरत होता. बाजूच्या रानात बायका सोयाबीन काढत होत्या. तिघी कोयते ठेवून आल्या.

"मामा, तुमी बसा वर. हँडल धरा नुसतं."

"मी उतरतो, जड होईल."

"बसा हो. तुमचं काय वजन हाय?"

मी बसलो. त्यांनी मागची बाजू माझ्यासकट उचलून डांबरावर ठेवली. मी हँडल धरून सरळ समोर बघत होतो. मागं त्या बायकोला विचारत होत्या, कुठल्या गावच्या, पोरं किती, आणि ती सगळं सांगत होती.

त्याला आता वर्ष होत आलं. आम्ही रोज सकाळी रानात जातो, सावकाश. एसटी मागून हॉर्न देते, मी कडेला घेऊ शकत नाही, ती थांबून थांबून शेवटी ओलांडून जाते. वळणावर अजून माझं अंग झुकतं. गाय अडल्याचे निरोप आता येत नाहीत. लोकांनी मला दाखल्यासकट मानून घेतलंय.

मागच्या महिन्यात मी एकटाच गुरुजींकडं गेलो. ओट्यावरची खुर्ची रिकामी होती. ते आत खाटेवर पडून होते, आता उठत नाहीत असं त्यांच्या सुनेनं सांगितलं. मी दारापर्यंत गाडी आणली होती, ती अजून चालूच होती. आतून त्यांचा आवाज आला, बारीक झालेला, "डॉक्टर, येताना चेनीचा आवाज आला. तेल सोडत न्हाय वाटतं तुमी."

"सोडतो गुरुजी."

"बंद करू नका. राहू द्या जरा."

दाराला दोन पायऱ्या होत्या. गाडी आत जात नव्हती आणि ते बाहेर येऊ शकत नव्हते. मी तिथंच बसून राहिलो, एक्सिलेटर हळूहळू कमीजास्त करत. सून दारात येऊन बघून गेली. बऱ्याच वेळानं ते आतून म्हणाले, "बास. पेट्रोल जाईल तुमचं," आणि मी बटण बंद केलं.