खेळाच्या मैदानातलं भात

आमच्याकडे लग्नकार्याला चार माणसं जमली, की मैदानाची गोष्ट मलाच सांगायला लावतात. कारण मैदान झालं तेव्हा गावच्या हुतुतूच्या संघात मी होतो. होतो म्हणजे इतरांचे सदरे सांभाळायला होतो; पण चाळिशी उलटल्यावर एवढं खोलात कुणी शिरत नाही.

पंचायत समित्या तेव्हा नव्या नव्या होत्या. मळवलीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. सुगी झाली की खळ्यावर हुतुतू चालायचा, आणि खळं मोडलं की खेळही मोडायचा. अशात तालुक्याच्या वडगावहून कळलं, की सरकार खेळाच्या मैदानाला अनुदान देतंय. अर्धे पैसे आधी, उरलेले साहेब मैदान बघून पसंत करून गेल्यावर. जागा मात्र गावानं द्यायची, आणि ती सपाट हवी.

आता मावळात सपाट जागा म्हणजे भाताचं खाचर. बाकी सगळा एक तर डोंगर, नाहीतर ओढा. बैठकीत जो तो दुसऱ्याच्या खाचराकडे बोट दाखवू लागला. शेवटी माझे चुलते, आमचे आबा, म्हणाले, माझं वरचं घ्या. त्यांची खाचरं होती दोनच, आणि त्यातलं चांगलं ते वरचं. का दिलं, ते काही बोलले नाहीत. तरुणपणी ते स्वतः हुतुतूतले नावाजलेले गडी होते, एवढंच आम्हाला ठाऊक. चुलती, म्हणजे आमची नानी, पुढे बरेच दिवस भाकरी जरा जोरात थापायची.

साहेबांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. जमीन दाबून घट्ट करा, आणि एका अंगाला थोडा उतार ठेवा. अकरावी शिकलेला म्हणून निरोप आणायचं काम माझ्याकडे. पारावर मी उताराचं काढलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"उतार ठिवायला आमी काय आळशी हाय व्हय?"

सगळे हसले. त्यांचंही खरं होतं. ज्याच्या खाचराला उतार, त्याच्या पोराला मुलगी देताना आमच्याकडे लोक दोनदा विचार करत. आणि जमीन सपाट करायची एकच रीत गावाला येत होती. लग्नसराईपायी श्रमदान लांबत लांबत पावसाळ्यावर आलं, ते सर्वांच्या पथ्यावरच पडलं. सरकारच्या पैशातून चारी बाजूंनी दगडी बांध घातला. आत पाणी कोंडलं, बैल घातले, चिखलणी केली, वर फळी फिरवली. असं एकसारखं खाचर पंचक्रोशीत झालं नव्हतं. आषाढात बांधापासून बांधापर्यंत पाणी काचेसारखं उभं राहिलं, आणि आम्ही सगळे काठावर उभे राहून आमच्या कामाकडे कौतुकानं बघत बसलो. हुतुतू ह्यात कसा खेळायचा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर शिकलेला.

त्यात नानीची भाताची रोपं उरली. पाणी आहे, चिखल आहे, रोपं वाया का घालवायची, म्हणून तिनं एका कोपऱ्यात लावली. ते बघून शेजारणींनी आपापली उरलेली आणली. दुपारपर्यंत अख्ख्या मैदानात आवणी झाली होती.

श्रावणात निरोप आला, की गुरुवारी साहेब बघायला येणार. मैदान तेव्हा गुडघाभर हिरवंगार डोलत होतं.

पाणी काढायचं तर बांध फोडायला हवा. पण भरल्या खाचराच्या बांधाला दुसऱ्याचा हात लागत नाही. आमच्याकडे त्यापायी सख्खे भाऊ वडगावच्या कोर्टात जन्म काढत. सरपंच म्हणाले, ज्याचं त्यानं फोडावं. आबा म्हणाले, आता माझं कुठं आहे? ते गावाचं. असं म्हणून ते बांधावर बसून राहिले.

तेव्हा त्यांचा एक जुना सोबती जवळ टेकला. मी शेजारीच छत्री धरून होतो.

"आबा, गप ऱ्हावा. सायेब नापास करंल आन जाईल माघारी. खाचर तुमचं तुमाला. पयल्यापरीस लय भारी झालंय."

हे सगळ्यांच्याच मनात होतं, आणि कुणी आबांना नावं ठेवली नसती. पण उरलेले पैसे आले नसते, आणि गावाला मैदान कधीच झालं नसतं. आबा रोपांकडे बघत होते. पीक खरंच दृष्ट लागण्यासारखं आलं होतं.

मग ते उठले. घरी जाऊन कुदळ घेऊन आले आणि खालच्या बाजूचे दगड एकेक करून ढिले करू लागले. पाणी धावलं, तसे आम्ही नुसते बघत राहिलो. तेवढ्यात नानी पदर खोचून आत उतरली.

"हुबं ऱ्हाऊन काय बगताय? उपटा रोपं. ज्याची आवणी ऱ्हायलीय त्याला तरी द्या."

सगळं गाव चिखलात उतरलं. मीही उतरलो आणि तिसऱ्या पावलाला आडवा झालो. हुतुतूच्या मैदानात सर्वांत आधी पडण्याचा मान माझा, आणि तो कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

गुरुवारी साहेब आले. त्यांचा बूट घोट्यापर्यंत रुतला. त्यांनी फोडलेल्या बांधाकडे पाहिलं, उरल्यासुरल्या चार रोपांकडे पाहिलं आणि विचारलं, "जमीन कुणाची?"

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या.

"गावाची," आबा म्हणाले. "वाळली की दाबून घेतो."

साहेबांनी पसंती दिली. दिवाळीनंतर उरलेले पैसे आले आणि माघात तिथं सामने झाले.

त्या उन्हाळ्यात आबांच्या कणगीतलं भात लवकर संपलं. नानी वडगावच्या बाजारात तांदूळ घ्यायला उभी असताना ओळखीच्या बाईनं विचारलं, तुमच्या घरी गं विकतचा?

नानीनं पिशवीचं तोंड पसरून धरलं. "आमचं भात खेळाय गेलंय," ती म्हणाली.