न गोठलेले ठोकळे

यवतमाळच्या एका कॉलेजात मी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. ठोकळे ओतायचे, पाण्यात मुरवायचे, यंत्रात दाबून फोडायचे आणि आलेला आकडा नोंदवहीत लिहायचा, हे माझं काम. त्या वहीतले काही आकडे खोटे आहेत. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर आता राहिले नाहीत, त्यामुळे कोणते आकडे खोटे हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे.

एकदा पांढरकवड्याच्या बर्फ कारखान्याचा मालक पोत्यात काँक्रीटचे तुकडे भरून सरांकडे आला. कारखान्यात मिठाच्या पाण्याचा मोठा हौद असतो, त्यात पाण्याचे डबे सोडून बर्फाच्या लाद्या तयार करतात. हौदावरून दोन हात रुंदीची काँक्रीटची पट्टी गेलेली होती. तिच्यावर उभं राहून माणसं हुकाने डबे ओढत. हौदाची झाकणं लावली की ओली पट्टी गोठायची, उघडली की बाहेरच्या उन्हाळ्याने वितळायची. असं रोज होऊन तिचे पापुद्रे सुटत होते.

"आपल्या जिल्ह्यात माणसं उन्हाने जातात आणि काँक्रीट थंडीने," सर हसून म्हणाले होते.

उपाय त्यांनीच काढला. हायवेवरच्या रिमोल्डिंगच्या दुकानांतून जुन्या टायरचा चुरा आणायचा आणि थोड्या वाळूऐवजी तो काँक्रीटमध्ये घालायचा. पाणी गोठताना फुगतं, त्याला जागा लागते. दगड दबत नाही, रबराचा कण दबतो. मुद्दा पटणारा होता. तो चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही.

साधे ठोकळे आम्ही थंडीत तपासले. संध्याकाळी फ्रीझरमध्ये, सकाळी पाण्यात, अशा पन्नास फेऱ्या. त्यांचे कोपरे बिस्किटासारखे झडले. रबराच्या ठोकळ्यांची पाळी आली तोवर चैत्र लागला होता. लाइन रोज जायची. सकाळी फ्रीझर उघडावा तर ठोकळे नुसते ओले आणि तळाशी पाणी साचलेलं. पहिल्या दोन वेळा मी सरांना तसं सांगितलं. "मग पुन्हा पहिल्यापासून मोजा," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी मी सांगितलं नाही. सुट्टी लागत होती, मला गावी जायचं होतं. फ्रीझरमध्ये हात घालायचा, ओला ठोकळा चाचपायचा आणि वहीत लिहायचं: गोठला. पन्नासपैकी जेमतेम अठरा वेळा तो खरा गोठला असेल.

अठरा वेळांनी त्याला काहीच झालं नाही. सरांनी शाबासकी दिली. कारखान्यात नवी पट्टी ओतली त्या दिवशी मीही तिथं होतो. नारळ फुटला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "काही राहिलं नाही ना?" मी म्हणालो, "नाही सर."

निवृत्त होताना जुन्या वह्या रद्दीत चालल्या होत्या. ती एक मी घरी आणली. का आणली, हे मी स्वतःलाही नीट सांगू शकलो नाही. पांढरकवड्याला मुलाकडे राहायला आलो आणि दर उन्हाळ्यात आमच्या चौकातल्या पाणपोईसाठी बर्फ आणायचं काम मागून घेतलं. बर्फ निमित्ताला होता. लाद्या ओढणारा एक तांड्यावरचा माणूस माझ्या ओळखीचा झाला. तो मला चिडवायचा, "काका, तुमी बर्फ न्याले येता का आमची पट्टी पाहाले?" मी हसायचो आणि काठीने पट्टी ठोकून बघायचो. दर वर्षी आवाज अधिक बद्द येत होता.

यंदा काठी ठोकली तर टोक आत रुतलं. वरचा थर गेला होता, रबराचे काळे दाणे मोहरीसारखे उघडे पडले होते. त्यांच्यावर एक फळी टाकलेली होती.

"ही फळी कशाला?" मी त्याला विचारलं.

"थे जागा नरम हाय. दोन वर्षं झाले, आमी तिथं पाय देत नाही."

"शेठला सांगितलं नाही?"

"सांगून? लाद्या आपटून तुमीच फोडली म्हणन. मांगं एकाले असंच म्हणून काढलं."

खाली गळ्याएवढं, बर्फाहून थंड पाणी होतं. मी घरी गेलो, ट्रंकेतून वही काढली आणि भर दुपारी परत आलो. शेठसमोर पान उघडून सगळं सांगितलं. कामगार ऐकत होते.

"काका, ऊन लागलं का तुमाले?" शेठ म्हणाला. "इतके वर्षं उभी हाय न पट्टी? लग्नाचा सीझन चालू हाय. पावसाळ्यात पाहू."

"आधी त्याला खाली उतरव," मी म्हणालो. माझा ओळखीचा माणूस हुक धरून फळीवर उभा होता.

"मीच उभा राहून दाखवतो," म्हणत शेठ उठला.

"तुमी नका, शेठ," तो फळीवरून उतरत म्हणाला. "लादी ठिवून पाहू."

दोघा कामगारांनी एक लादी ढकलत फळीवर नेली आणि मागे सरले. काही झालं नाही. शेठ हसला. "पाह्यलं?"

मी लादीकडेच बघत होतो. साधा ठोकळा यंत्रात मोठा आवाज करून फुटतो. इतक्या वर्षांत मी दर वेळी दचकलो. रबराचा ठोकळा आवाज करत नसे. तो नुसता फुगत, खचत जाई. सरांना त्याचं फार कौतुक होतं.

लादी किंचित कलली. मग आणखी. फळीचं एक टोक उचललं गेलं आणि हातभर पट्टीसकट लादी हौदात गेली. नंतर फक्त पाण्याचा आवाज आला. फळी, लादी तेवढ्या वर आल्या आणि डब्यांना धडकत राहिल्या.

शेठ खुर्चीवर बसला. मशीन बंद करा, असं हळूच म्हणाला.

तो तांड्यावरचा माणूस माझ्याजवळ आला. वहीकडे बघत त्याने विचारलं, "काका, हे वही कवापासून तुमच्यापाशी होती?"

"रिटायर झालो तेव्हापासून."

"म्हंजे तुमी पह्यल्यांदा बर्फ न्याले आले, तवाबी?"

मी हो म्हणालो. त्याने हुक भिंतीला टेकवला, दारातल्या चपला पायात घातल्या आणि माझ्याकडे न बघता उन्हात निघून गेला.