मामंजींचं मत

मी सासरी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. राणीसावरगावच्या अलीकडं आमचं लहानसं गाव, आणि त्या अख्ख्या गावात मत होतं एकट्या माझ्या सासऱ्यांना. हैदराबादच्या कौन्सिलची निवडणूक तेव्हा सगळ्यांसाठी नसे. मोठ्या जमीनवाल्यांचं मत वेगळं, वकिलांचं वेगळं. मामंजी जमीनवाल्यांत मोडत, शिवाय गावची पाटीलकी त्यांच्याकडं.

त्या वर्षी निजामाविरुद्धच्या चळवळीतल्या लोकांनी निवडणुकीवर बहिष्कार घातला. मामंजींचा भाचा त्यांच्यातलाच. ओसरीवर बसून म्हणाला, "मामा, तुमी मत टाकायला गेलात तर मी ह्या घरचं पाणी पिणार न्हाई." तो गेला आणि दोनचार दिवसांत तहसीलचा गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, आला. चहा पिऊन, हसत हसत म्हणाला, "पटेल, वोट डालने गंगाखेड आना. भूलना नक्को." पाटीलकी ठेवणं, काढणं तहसीलच्या हातात होतं. आणि भाचा म्हणजे वारलेल्या बहिणीचा एकुलता एक.

मामंजींनी कंबर धरल्याचं सोंग घेतलं.

ओसरीवर पडलं तर येणारा-जाणारा बघणार, म्हणून त्यांची बाज माजघरात आली. अख्ख्या घरात मला डोक्यावरचा पदर खाली घेता येईल अशी तेवढीच जागा होती. आता दिवसभर तिथं सासरे. मी त्यांच्यासमोर बोलत नसे, बसतही नसे. जेवायचं ते चुलीमागं, भिंतीकडं तोंड करून. बाहेर कापूस फुटून पांढरा झालेला आणि ते छताकडं बघत पडलेले. कुशीवर वळले की बाज करकरायची आणि सासूबाई दबक्या आवाजात म्हणायच्या, "हलू नका, कुणी ऐकंल."

मतदान जवळ आलं तसा गिरदावर पुन्हा आला, यावेळी बैलगाडी घेऊन. गाडीत गादी अंथरलेली. "लेटे लेटे चलो, पटेल," तो ओसरीवरूनच ओरडला आणि माजघराकडं यायला लागला. मामंजींचा चेहरा पांढरा पडला. सासूबाई जागच्या हलेनात. माझे यजमान शेतात होते.

मी दाराआडून बोलले. "आत येऊ नका. मामंजींच्या अंगावर फोड आल्यात. देवी असतील."

गिरदावर उंबऱ्याशीच थबकला. मग गाडी फिरल्याचा आवाज आला.

सासूबाईंनी मला धरून हलवलं. "देवीचं नाव घेतलंस! आन् परक्या माणसाशी बोललीस!"

"गप बसा," मामंजी म्हणाले. "तिनं न्हाई बोलायचं तर कुणी बोलायचं होतं?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मग दाराला लिंबाचे डहाळे बांधावेच लागले. आमच्याकडं कुणी येईना, आम्हाला कुठं जाता येईना. पाणी भरणारी बाई घागर लांब ठेवून पळायची. यजमानही घरातच अडकले. कापूस बोंडांतून लोंबत राहिला. सासूबाई दर थोड्या वेळानं मामंजींचं कपाळ चाचपून बघायच्या, खरंच ताप तर आला नाही ना म्हणून.

एका दुपारी मी भांडी घासत होते. मामंजींनी पहिल्यांदाच मला थेट विचारलं, "तुमी रोज दिसभर हितंच असता?"

"हां," मी म्हटलं.

"करमतं?"

मी घासलेला तांब्या पुन्हा घासला. त्यांनी परत विचारलं नाही.

मतदान होऊन गेलं. जे जायचे ते गेले, जागा भरली, कुणी निवडून आला. त्याचं तोंडही आमच्या गावानं कधी पाहिलं नाही. मामंजी बाहेर पडले तेव्हा चेहऱ्यावर एक व्रण नव्हता. देवी नव्हत्या, कांजण्या होत्या, असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं. भाच्यानं पारावर चारचौघांत मामांच्या हिमतीचं कौतुक केलं. मामंजी मान खाली घालून ऐकत राहिले, मग उठून आले.

वेचणाऱ्या बाया मात्र अजून भीत होत्या. शेवटी मामंजीच म्हणाले, "सूनबाईला न्या रानात." पाटलाच्या घरची सून रानात जात नसे. मी गेले. उन्हानं डोळे दिपले, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडली. दुपारी बांधावर बसून मी यजमानांसमोर भाकर खाल्ली आणि मोठ्यानं हसले. कशावर, ते आता आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात बायांची भीती गेली, त्या वेचायला आल्या. मी माजघरात परतले. मामंजी ओसरीवर बसू लागले आणि माझ्याशी बोलणं पुन्हा सासूबाईंच्या मार्फत सुरू झालं.